मोकळी दहा मिनिटं

"चौथं बोट परत झोपलं," अमृत स्वतःलाच म्हणाला आणि त्यानं स्केल पहिल्यापासून सुरू केली.

नागापूरच्या एमआयडीसीत तो बेअरिंगं तपासायचा. केसाच्या जाडीएवढी चूक दिसली तरी माल लाल पेटीत. बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस गिटारही तशीच शिकणार. भिंतीवर तक्ता लावलेला होता. पंचवीस मिनिटं स्केल, पंधरा मिनिटं कॉर्ड, मोबाईलवरचा मेट्रोनोम टकटक करत ताल धरणार. आणि सगळ्यात शेवटी, निव्वळ सरांच्या आग्रहाखातर, दहा मिनिटं मोकळं वादन.

राधाकृष्ण सर सावेडीत गिटारचा क्लास घ्यायचे. "गर्जेसाहेब, तुम्ही वाजवत नाही, हजेरी लावता," असं त्यांनी अमृतला पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं. "शेवटची दहा मिनिटं बोटांकडे बघायचं नाही. येईल ते येऊ द्यायचं."

पहिले कितीतरी दिवस काहीच आलं नाही. अमृतनं तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहिलं, 'मोकळं वादन : निरंक.'

मग एका संध्याकाळी चार सूर आले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी तेच चार आले, त्यांच्यामागून आणखी तीन. तिसऱ्या दिवशी चाल आदल्या दिवशी जिथं थांबली होती, बरोबर तिथून पुढे सरकली. झुलती, पेंगुळलेली चाल. स्केल वाजवताना झोपणारं चौथं बोट या दहा मिनिटांत असं काही पळायचं, की अमृतला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं.

"कुठलं गाणं हो हे?" रोहिणीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"माझं आहे," तो म्हणाला आणि उगीचच लाजला.

लाजण्यासारखंच होतं. आजवर त्याच्या वाट्याला पहिल्या हाताचं असं काही आलंच नव्हतं. नोकरी मामाच्या ओळखीतली, फ्लॅट मेव्हण्याच्या पसंतीचा, गिटार बदली होऊन गेलेल्या इंजिनियरची. वयसुद्धा धड त्याचं नव्हतं. कागदावर तो सत्तेचाळीस वर्षांचा, आणि आई सांगायची पंचेचाळीस.

"आई, तुमच्यामुळे हे दोन वर्षं आधी रिटायर होणार बघा," रोहिणी सासूला टोमणा मारायची.

"जल्माचा कागद घरात व्हता, त्योच लावला साळंत," बनुबाई पानाला चुना लावत म्हणायची. "ऊसतोडीला जायाची घाई. नवा कोन काढत बसतंय?"

त्यांच्या पाथर्डीकडं अर्ध्या गावाची वयं अशीच होती. त्यात कुणाला नवल वाटायचं नाही.

गुडघे गेल्यापासून बनुबाई लेकाकडेच राहायची. लेक एकुलता एक, तरी ती त्याला कायम 'धाकल्या' म्हणायची. नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

"एकच तर आहेत, मग धाकले कसे?" रोहिणी विचारायची. "थोरले कुठं लपवून ठेवलेत?"

"तोंडात बसलंय, पोरी." आणि पुढचं बोलणं पानाबरोबर चघळलं जायचं.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम रविवारी होता. प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी पाच मिनिटं वाजवायचं. सरांनी अमृतची चाल डोळे मिटून ऐकली.

"कुठून आणलीत?"

"आतूनच आली, सर."

"मग नीट बसवा. मेट्रोनोम लावून पक्की करा. आणि शेवट करा तिचा, मधेच तुटते."

इथंच घोटाळा झाला. वहीत सूर लिहून, टकटक लावून वाजवायला बसलं की बोटं जागच्या जागी अडायची. वही मिटून खिडकीबाहेर बघितलं की चाल आपणहून यायची. आणि रोज एकाच जागी तुटायची, खेळता खेळता कुणी उचलून नेल्यासारखी.

त्या वेळी शेजारच्या खोलीत बनुबाईचा हात हलायचा. झोळीच्या दोरीसारखं पदराचं टोक मुठीत धरून ओढायची, सोडायची. ओढायची, सोडायची. आई ताल धरते, याचं अमृतला मोठं कौतुक वाटायचं.

शनिवारी पहिली पाळी करून तो चारला घरी आला आणि गिटार घेऊन थेट आईच्या खाटेजवळ बसला. आज स्केल नाही, कॉर्ड नाहीत. तक्त्यावरचा रकाना पहिल्यांदाच कोरा राहिला. उद्या स्टेजवर चाल तुटली तर हसं होईल, याचं त्याला काही नव्हतं. लोकांना ती अर्धवट दिसेल, आणि अर्धवट माल लाल पेटीत जातो, हे त्याला सहन होणार नव्हतं. शेवट आजच करायचा, आणि आपल्याच बोटांनी.

"कशी वाटते चाल?" त्यानं विचारलं.

"ग्वाड हाय. लई दिसांनी कानावर आली."

"अगं, मी बनवलीय ती!"

"व्हय का?" बनुबाई म्हणाली आणि तिनं पदराचं टोक मुठीत घेतलं.

अमृतनं डोळे मिटले. चाल आली, रोजच्यापेक्षा लवकर, वाट बघत बसल्यासारखी. मे महिना असून बोटं गार पडत गेली. नेहमीच्या जागी सूर तुटला. त्यानं डोळे उघडले, बोटांकडे रोखून बघितलं आणि स्वतःचा शेवट वाजवायला चौथं बोट तारेवर टेकवलं. बोट हलेना. उजव्या हातानं त्यानं ते दाबून धरलं. बोटानं त्याचा हात झटकला.

बनुबाईचा ओढता-सोडता हात थांबला नाही. ती लेकाकडे बघतही नव्हती, तारांकडे बघत होती.

"तू हात काढ रं, धाकल्या," ती हळूच म्हणाली. "अमृतला वाजवू दे."