कंपनीची विहीर

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि कारंज्याच्या जिनिंग कंपनीनं बौद्धवाड्याला नवी विहीर बांधून दिली. पहिली बादली ओढताना मालकांनी फोटो काढून घेतला. गावविहिरीवरची रोजची कटकट सुटली, म्हणून सगळ्यात जोरात टाळ्या ग्यानबा पाटलांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली भागिरथा रिकामी घागर घेऊन, अख्खं गाव ओलांडून, गावविहिरीवर हजर. याच काठावर तिनं एकदा मार खाल्ला होता, पण घागर भरूनच घरी गेली होती.

पाटील म्हणाले, “काहून वं, तुमच्या विहिरीले पाणी नाही लागलं का?”

“लागलं ना जी. लय गोड हाय.”

“मंग इथं कायले आली?”

तिनं बादली आत सोडली.

“इथली वाट बुजाले नाही पायजे, पाटील.”