बिनमिठाची भाजी

"खारट!" तिने चमचा ओट्यावर आपटला. सलग पाचवा दिवस.

कढईत जांभळा कोबी आणि सफरचंद झाकणाखाली, मंद आचेवर अगदी लोण्यासारखे शिजले होते. एक चमचा तेल, दालचिनीचा तुकडा, बास. सासऱ्यांचा रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मीठ पूर्ण बंद. आठ दिवसांत आकडा उतरला नाही, तर दाखल करून घेईन."

त्याच दिवशी तिने मिठाचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली तिच्याच खिशात. बाकीच्यांच्या ताटात ती स्वतः मीठ वाढायची. आणि तरी भाजी खारट!

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले सासरे मात्र खुशीत होते. "वा! पथ्य असं असेल तर मी शंभरी गाठतो बघ. वाढ अजून."

संध्याकाळी नवऱ्याने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा जिथल्या तिथे.

नवरा दिवसभर कामावर. सासरे अंथरुणावर. उरल्या सासूबाई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "बिनमिठाचा घास त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही."

"आई, खरं सांगा. मीठ तुम्हीच टाकता ना?"

"मी? अगं, तू मला ओट्याजवळ फिरकू तरी देतेस का?"

"मग काय, कोबीला घाम फुटतो?"

"फुटत असेल. तू दिवसभर डोळे वटारून बघतेस ना त्याच्याकडे!"

सहाव्या दिवशी तिने पहाराच दिला. कोबी बारीक चिरला. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून माहेरी शिकली होती तशा पाण्यात ठेवल्या. मग सगळं कढईत घालून झाकण ठेवलं. तळाला लागायला लागलं, तसं फोडींचं तेच पाणी वरून ओतलं. फळाचा कस उतरलेला त्यात, मोरीत कशाला घालवायचा?

तेवढ्यात दाराची बेल वाजली. पार्सलवाला. सही करून ती दोन मिनिटांत परतली, तर सासूबाई स्वयंपाकघरात. हातात पाण्याचा पेला.

तिने धावत जाऊन चव घेतली. खारट.

मग तिचा तोल सुटला. तिने सासूबाईंचं कपाट उपसलं, उशा झटकल्या, औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली. मिठाचा खडाही सापडला नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी. विस्कटलेल्या कपड्यांतलेच चार कपडे पिशवीत कोंबले.

"माझ्या माणसाला मीच मारतेय, असंच म्हणायचंय ना तुला? जाते मी लेकीकडे. आता तूच बरं कर त्यांना."

ती अडवायला गेली नाही. अपराधी माणूसच असा तोंड लपवून जातो, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं.

सातवा दिवस. उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सासरे आतल्या खोलीत पडल्या पडल्या विचारत होते, "अगं, ही कधी येणार आहे?"

"येतील हो बाबा. आधी तुमचा आकडा उतरू दे."

घरात तिसरं माणूस नव्हतं. तरी तिने स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावली, खिडकीही ओढून घेतली. आठवड्यात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

"आज कोण मीठ घालतंय, बघतेच," ती पुटपुटली. भराभर कोबी चिरला. सफरचंदाच्या फोडी केल्या. त्या काळ्या पडायच्या आत खिशातून किल्ली काढली, कपाटाचं कुलूप उघडलं आणि डब्यातलं चमचाभर मीठ, रोजच्यासारखंच, फोडींच्या पाण्यात ढवळलं.