चौथं पान

हेमलता मोकलबाईंनी गडबच्या शाळेत नववीच्या पोरांना एक सवय लावली होती. छापलेलं काहीही हाती आलं की आधी तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिलं, कुणाच्या फायद्याचं लिहिलं, आणि काय सांगायचं टाळलं? या खेपेला त्यांनी प्रत्येकाला घरातला एकेक कागद आणायला सांगितला. कुणी लाइटबिल आणलं, कुणी खताची रिकामी पिशवीच आणली.

काळुरामच्या दिपिकानं पाइपलाइनवाल्या कंपनीच्या संमतीपत्राची झेरॉक्स आणली.

"बाई, सरपंचांनी घरी येऊन सांगितलं, पाइप जमिनीखालून जाणार, शेत तुमचंच राहणार. पण चौथ्या पानावर लिवलंय की आख्ख्या शेताचा ताबा आमी कंपनीला दिला."

पोरगी खरंच वाचायला शिकली होती. बाईंचा ऊर भरून आला, आणि पाठोपाठ संतापही.

"मग बाबांनी अंगठा दिलाच कसा गो?"

"देतच नव्हते. सरपंचांवर त्यांचा इस्वास नाय. पण शेवटच्या पानावर साक्षीदाराची सही कुणाची ते कळलं, तवा बोलले, यांनी वाचलंय म्हंजे भ्यायचं काय काम नाय."

तिनं ते पान बाईंसमोर धरलं.



सही कुणाची, हे बाईंना वाचावं लागलं नाही. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत सरपंचांनी कागद पुढे केला, तेव्हा वह्या तपासता तपासता बाईंनीच ती ठोकली होती.