मागची वाट

दिवेलागणीला वैजयंता परसात गेली, तर अळिंबी पिकवायच्या खोलीचा एक्झॉस्ट फॅन बंद होता आणि त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. पंखा बसवूनही सासूबाईंचा खोकला का थांबत नाही, हे तिला तिथेच कळलं. आत येऊन तिने विचारलं.

"मीच कोंबला," देवापुढे वात सारत सासूबाई म्हणाल्या. "रोज कोंबते, सकाळी काढते. तिन्हीसांजेला मागचं दार लावतात, लक्ष्मी निघून जाऊ नये म्हणून. तू तर भिंतीलाच भोक पाडलंस."

देव्हाऱ्यातली उदबत्ती उचलून वैजयंताने अळिंबीच्या खोलीच्या दाराशी, खालच्या फटीपाशी धरली. धूर माजघरात पसरत थेट सासूबाईंच्या पाटाकडे गेला.

"अळिंबीची पांढरी धूळही अशीच तुमच्या छातीत जाते, आत्याबाई."

मग तिने बोळा काढून पंखा लावला आणि उदबत्ती पुन्हा तिथेच धरली. आता धूर वाकला आणि मुकाट्याने फटीतून खोलीत शिरला. सासूबाई बघत राहिल्या.

आठवड्याने वैजयंता बाजारात अळिंबी देऊन संध्याकाळी परतली. पुढचं दार सताड उघडं होतं, मागचं लावलेलं होतं आणि पंखा घरघरत होता. त्याच्या खाली भिंतीवर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटली होती. घरात खोकल्याचा आवाज नव्हता.

"अशी बघतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "लक्ष्मी पुढून येणार, तर अलक्ष्मीला जायला वाट नको?"