बँकेच्या गच्चीवरची उडी

"वायर काढा," दिग्दर्शक म्हणाला. "गडी जीव मुठीत घेऊन उडतोय असं वाटलं पाहिजे."

बँक लुटलेला चोर गच्चीवरून समोरच्या इमारतीवर झेप घेतो, तो प्रसंग होता. तीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या सिनेमाचा हा नवा अवतार. जुन्यात ही उडी विनावायर झाली होती आणि लोक अजून तिच्यावर शिट्ट्या मारत होते.

फाइट मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. पाच मजले. वारा आडवा. उडी मारणारा गडी मुकाट्याने कमरेचा पट्टा सोडायला लागलाही होता. तेच मास्तरांच्या काळजात रुतलं.

"वायर निघणार नाही. काढायचीच असेल तर दुसरा मास्तर बघा."

दिग्दर्शकाचा पारा चढला. पण नवा माणूस शोधायला सवड नव्हती. उडी वायरवरच झाली. मग ती वायर कॉम्प्युटरवर पुसली आणि पडद्यावरचा चोर पिसासारखा तरंगला.

सिनेमा सपशेल आपटला. समीक्षकांनी नेमकी तीच उडी सोलून काढली. मास्तरांचा फोन थंडावला. ठरलेले दोन सिनेमेही हातचे गेले. ते दिवसभर घरात बसून, तपासलेले दोर पुन्हा तपासू लागले.

"मला तो सिनेमा दाखव," एका दुपारी त्यांची आई म्हणाली.

मास्तर चमकले. तीस वर्षांत तिने थिएटरची पायरी चढली नव्हती. टीव्हीवर तो जुना सिनेमा लागला की ती उठून आत जायची.

थिएटरात जेमतेम दहा-बारा डोकी होती. उडी आली तसं मागे कुणीतरी खो-खो हसलं. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. चोर पलीकडे आदळला, गडगडत गेला, उठला आणि कपडे झटकून पळत सुटला.

"हा माणूस नंतर घरी गेला?" तिने हळूच विचारलं.

"गेला की. मुलीच्या वाढदिवसाला वेळेत पोचला."

अंधारात आईने दोनदा डोळे पुसले.

सिनेमा सुटल्यावर बाहेर पायऱ्यांवर दोघे प्रेक्षक बोलत होते, "फाइट मास्तर भित्रा निघाला म्हणे. पार वाट लावली."

मास्तरांची मान खाली गेली. आईने त्यांचा हात हातात घेतला.

"तुझ्या बाबांच्या उडीला," ती म्हणाली, "असा एखादा भित्रा मास्तर हवा होता रे."