थंडा गार्ड

“तुम्हाला राग येतच नाही का हो?” असं ओरडत तिनं कपाटाच्या कोयंड्यातली पोलादी खिळी उपसली आणि आतला पैशांचा डबा काढून ओट्यावर आपटला. “एजन्सी म्हणते, नेमबाजी क्लबचे मेंबर व्हा, नाहीतर घरी बसा. मग व्हायचं की बसायचं?”

नवरा बुटाला पॉलिश करत होता. बँकेच्या दारात एकनळी बंदूक घेऊन उभं राहणं, हे त्याचं काम. आता बँकेला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचा नवा नियम आला होता. बंदूकवाल्या गार्डनं दर महिन्याला क्लबात जाऊन गोळ्या झाडून दाखवायच्या. क्लब शहरात एकच, तोही बड्या लोकांचा. आणि मेंबरशिपची फी गार्डच्याच खिशातून.

“त्या क्लबला मी छदाम देणार नाही,” तो म्हणाला. “एखाद्या बिल्डिंगच्या गेटवर बसेन. तिथे बंदूक लागत नाही.”

“अर्ध्या पगारावर! आणि खायचं काय, बुटाचं पॉलिश?”

 तो ब्रश फिरवत राहिला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बँकेत सगळे त्याला ‘थंडा’ म्हणत. गिऱ्हाइकं धक्का मारून पुढे जात, मॅनेजर आपली गाडी पुसून घेई, हा आपला गप्प. एकदा तर हद्द झाली होती. मुलगी तेव्हा रांगत होती. चहा सांडला एवढ्यावरून कॅशियरनं भर रांगेसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. त्या संध्याकाळी तो काळाठिक्कर चेहरा घेऊन घरी आला. जेवला नाही. कपाटाचं दार बंद राहत नसे आणि मुलगी आतलं सगळं उपसून काढी, म्हणून त्यानं खिशातून ही खिळी काढून कोयंड्यात अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसरा कुणी असता तर त्या कॅशियरचे दात घशात घातले असते. हा कपाट दुरुस्त करत बसला! पुढे मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तरी खिळी उपसताना बायकोला ती संध्याकाळ आठवे आणि ती नवऱ्यावर चरफडे.

हा एकटा गेला तर फी न भरताच परत येईल, म्हणून दुसऱ्या दिवशी तीही क्लबात गेली. पैसे तिनं आपल्याच पर्समध्ये ठेवले.

बाहेर कापून सारखं केलेलं गवत, आत चामड्याच्या खुर्च्या. कानांवर जाडजूड गोळे चढवलेली माणसं लांबवर गोळ्या झाडत होती. एक जण नवऱ्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे बघून हसला. “काय रे, पणजोबांची का ही तोफ? चालते तरी का?”

नवराही हसला. तिनं दात आवळले.

काउंटरवरचा कारकून म्हणाला, “आधी हत्यार तपासायचं, मग फी.” बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री पलीकडच्या टेबलाशी बसला होता. त्यानं बंदूक सांध्यात वाकवून उघडली, आत बॅटरी मारली, बोट घालून पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“काका, हिला पिन नाही.”

“म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“चाप ओढला की एक छोटी पोलादी पिन काडतुसावर आपटते, ताई. तेव्हा बार उडतो. पिनच नाही म्हटल्यावर ही नुसती काठी.”

तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. “म्हणजे इतकी वर्षं माझ्या माणसाला काठी देऊन उभं केलं होतं? दरोडा पडला असता म्हणजे? ह्यांनी काय, हूश हूश करायचं होतं? चला, आत्ताच्या आत्ता एजन्सीत चला! त्या साहेबाची कॉलर धरते की नाही बघा! आणि वर हे निर्लज्ज आम्हालाच फी भरायला सांगतात!”

“एजन्सीला नको बोलूस,” नवरा म्हणाला. “बंदूक साफ मीच करतो. पिन मीच काढली.”

“तुम्ही? कधी?”

“कॅशियरनं मारलं त्या दिवशी.” त्याचा आवाज खाली गेला होता. “तो पाठ फिरवून चालला होता. मी बंदूक खांद्याला लावली होती. बोट चापावर होतं. कुणी पाहिलं नाही.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली.  

“अहो, पण त्याला किती वर्षं झाली! परत का नाही बसवलीत?”

“राग गेला नाही अजून,” तो म्हणाला.

मघाचा हसणारा माणूस शेजारूनच गेला. जाता जाता त्यानं नवऱ्याच्या टोपीवर टिचकी मारली. “काय, उडाली का तोफ?” नवरा पुन्हा हसला. या वेळी तिनं त्याचं हसू पाहिलं नाही. त्याचं उजवं बोट पाहिलं. ते आपसूक वाकलं होतं.

“ताई, फी भरताय ना?” कारकुनानं हाक मारली.

“पिनेची काळजी करू नका,” मिस्त्री म्हणाला. “जुनी असेल तर घेऊन या, लगेच बसवून देतो.”

तिनं पर्सची चेन ओढून बंद केली.

“जुनी घरी आहे,” ती म्हणाली. “पण ती आमच्या कपाटाला लागते.”