आधी तुझं बोट
"घरी साखर तपासायचा आत्मविश्वास दहापैकी किती?" नर्सनं विचारलं. "दहा!" नवरा छाती फुगवून म्हणाला. "माझ्याकडून अकरा द्या," बायको कौतुकानं म्हणाली. सुई दिसली की घामाघूम होणाऱ्या माणसाला तिनंच धीट केलं होतं. रोज तो गयावया करायचा, "आधी तुझं बोट, म्हणजे माझी भीती मोडेल." ती हसत टोचून घ्यायची. तिच्या रक्तावर सराव करून, तिचा आकडा उमटायच्या आधीच तो साखर मोजायच्या यंत्रासकट आतल्या खोलीत जायचा, स्वतःचा झकास आकडा मिरवत परतायचा. नर्सनं यंत्रातल्या नोंदी चाळल्या. "आज इथं तपासली तर यांची साखर तीनशेवर, आणि यात रोजची एकच नोंद, तीही उत्तम?" बायको चपापली. एकच? आधी तिची, मग त्याची. नोंदी दोन हव्यात. म्हणजे मिरवलेले आकडे तिचेच. "जरा तपासून दाखवा," नर्स म्हणाली. नवऱ्याचा हात सवयीनं तिच्या बोटाकडे वळला. तिनं मूठ घट्ट मिटली.